चौथी गाठ

आमच्या इमारतीत कोणाचं पोट सुटलंय, कोणाचा संसार उसवलाय आणि कोण नोकरीवर जातो म्हणून सांगून बागेत झोपा काढतोय, हे सगळ्यांत आधी एका बाईला कळायचं. ती जिन्याखाली इस्त्री करायची. पँटचं बटण पुढे सरकवलेलं दिसलं की पोट. एकाच घरातून दोन एकेरी चादरी आल्या की भांडण. आणि ऑफिसच्या पँटला मागच्या बाजूने गवताचा डाग दिसला की नोकरी गेली. "मला वाचता येत नाही," ती म्हणायची, "पण कपडा खोटं बोलत नाही. खोटं बोलायला तोंड लागतं."

सगळे तिला कडकबाई म्हणायचे. हे नाव इस्त्रीमुळे पडलं की जिभेमुळे, यावर इमारतीत दोन पक्ष होते. मी जिभेच्या पक्षातला. तिसऱ्या मजल्यावर मी एकटा राहतो. बायको जाऊन अकरा वर्षं झाली. शर्ट चार, वेळ भरपूर. रोज एकच शर्ट घेऊन खाली उतरायचो. चारही एकदम दिले असते तर पुढचे तीन दिवस गप्पांना काय निमित्त सांगणार?

"काका, काल कवळी खिशात राहिली होती तुमची," ती सगळ्यांदेखत सांगायची. "बघितलं म्हणून वाचली. इस्त्री फिरली असती तर बिनसुरकुत्यांचं हसू मिळालं असतं तुम्हाला."

जिन्याखालची जागा म्हणजे एक टेबल, त्यावर जळक्या डागांची घोंगडी, कोळशाची इस्त्री आणि मला बसायला एक डगमगतं स्टूल. साठी ओलांडलेली बाई, पण आठ शेरांची इस्त्री अशी फिरवायची की जणू पाटीवरचं अक्षर पुसतेय. डाव्या हातावर, मनगटाच्या वर, भाजल्याचा एक जुना डाग होता. बरोब्बर इस्त्रीच्या टोकासारखा त्रिकोणी. मी एकदा म्हटलं, "काय बाई, गिऱ्हाईक नव्हतं म्हणून स्वतःलाच इस्त्री केली की काय?" ती हसली. तिने बाही खाली ओढली, तेही मी पाहिलं. पण विनोद जमला की माणूस पुढचं बघत नाही.

आता चोवीस घरांचे कपडे, आणि बाईला अक्षरओळख नाही. मग कोणाचं काय, कसं कळायचं? तिची स्वतःची लिपी होती. कॉलरच्या नाहीतर कमरपट्टीच्या आतून ती दोऱ्याचा एक टाका घालायची. प्रत्येक घराला एक रंग आणि घरातल्या प्रत्येक माणसाला गाठी. घरच्या मोठ्या माणसाला एक, बाईला दोन, मग मुलं ज्या क्रमाने आली असतील त्या क्रमाने. माझा दोरा तपकिरी आणि गाठ एक. बायकोच्या दोन गाठींची एक साडी अजून कपाटात आहे, तो विषय वेगळा.

दुसऱ्या मजल्यावर वकीलसाहेब राहायचे. त्यांचा दोरा हिरवा. साहेबांना एक गाठ, वकिलीणबाईंना दोन, त्यांच्या मुलीला तीन. घरात राहणारी माणसं मात्र चार होती. चौथी छोटी.

छोटी नऊ वर्षांची असताना त्या घरात आली. आई वारलेली, बापाने दुसरा संसार मांडलेला. लांबच्या नात्यातली म्हणे. किती लांबची ते विचारलं की वकिलीणबाई पंख्याकडे बघायच्या. "शिकवणार आहोत तिला," असं त्यांनी आल्या दिवशीच अख्ख्या इमारतीला सांगितलं. आणि शाळेत घातलंही. वकिलाचं घर, शब्दाला पक्कं. फक्त शाळेच्या आधी आणि शाळेच्या नंतर ते घर तिच्या दोन हातांवर चालायचं. कोणी भुवई उंचावलीच तर वकिलीणबाईंचं उत्तर तयार असायचं, "अहो, मोलकरीण नाही ती. घरच्यासारखी आहे!"

आपल्या भाषेत 'सारखं' हा मोठा लबाड शब्द आहे. सोन्यासारखं म्हटलं की समजावं, सोनं नाही. देवासारखा धावून आला म्हटलं की देव आला नव्हता. पण 'घरच्यासारखी' ऐकलं की आम्ही सगळे माना डोलवायचो. मीसुद्धा. मी तर वर एकदा म्हणालोही, "नशीब काढलं पोरीने."

छोटी कपड्यांचा गठ्ठा घेऊन खाली यायची. कडकबाई तिला छोटी म्हणत नसे. ती म्हणायची 'मॅट्रिक'. पोरगी चौथीत होती तेव्हापासून. आणि दर वेळी एक शर्ट मुद्दाम बाकी ठेवायची. "एक राहिलाय गं, कोळसे फुलले नाहीत अजून. बस जरा." कोळसे लालबुंद असायचे. छोटी टेबलाखाली बसून दप्तरातून पुस्तक काढायची. त्या एका न केलेल्या शर्टाच्या जिवावर पोरगी चौथीतून दहावीत गेली, असं मी म्हटलं तर कोणाला अतिशयोक्ती वाटेल. वाटू दे.

"मॅट्रिक, आज काय?"

"भूमिती, मावशी."

"म्हणजे काय करायचं?"

"त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज एकशे ऐंशी येते."

"कुठल्या त्रिकोणाच्या?"

"कुठल्याही."

"मग रोज नवे मोजता कशाला? एक मोजला, झालं."

छोटी खुदकन हसली आणि तिने कडकबाईच्या हातावरच्या डागाकडे बोट केलं. "याचीपण एकशे ऐंशीच."

"याची जास्त आहे," कडकबाई म्हणाली, आणि इस्त्रीत निखारे भरायला वाकली.

दहावीच्या परीक्षेच्या सुमाराला वकिलीणबाईंचा धाकटा भाऊ आठ दिवसांसाठी राहायला आला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. कामधंदा काय, तर 'जागा बघतोय'. दोन महिने झाले तरी त्याला घरातल्या सोफ्याखेरीज दुसरी जागा दिसली नव्हती. घरात सगळे त्याला मामा म्हणायचे, म्हणून इमारतही मामा म्हणू लागली. त्याचे शर्ट इस्त्रीला आले. कडकबाईने हिरव्या दोऱ्याला चार गाठी मारल्या.

मामा आला आणि छोटी बोलेनाशी झाली. गठ्ठा नसला तरी खाली यायची, एखादा रुमाल हातात घेऊन. परीक्षा संपली होती, पुस्तक नव्हतं, तरी टेबलाखाली बसायची. एकदा हळूच म्हणाली, "मावशी, तुमच्याकडे एखादी खिट्टी आहे का? स्वयंपाकघराच्या दाराला आतून काहीच नाही."

ती स्वयंपाकघरात झोपायची.

कडकबाई वाकली. टेबलाखालून एक जुनी, मूठ तुटलेली इस्त्री काढली आणि तिच्या पिशवीत घातली. "दाराला टेकवून झोप. सरकली तर आवाज होतो. कोणी विचारलं तर म्हण, उंदीर येतात."

मी स्टुलावर होतो. मी पेपर वाचत होतो. म्हणजे पेपर डोळ्यांसमोर होता.

निकाल लागला. छोटीला चौऱ्याऐंशी टक्के. वकिलांच्या मुलीला एकाहत्तर. पेढे वाटायचे की नाही यावर दुसऱ्या मजल्यावर बराच खल झाला असावा, कारण पेढे काही आले नाहीत. आली ती बातमी. वकिलीणबाई जिन्यात भेटल्या. "आमच्या आई फार थकल्यात हो. एक तारखेला मामा जातोय गावी, छोटीला सोबत पाठवतोय. बघायला माणूस हवं ना घरचं."

"आणि कॉलेज?" मी विचारलं.

"तिथे गेल्यावर बघू की. कॉलेजं काय पळून जातात?"

त्याच आठवड्यात शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी छोटीच्या हातात एक अर्ज दिला. दुसऱ्याच्या घरात राबणाऱ्या मुलींना एक संस्था शिष्यवृत्ती देत होती. वसतिगृहात राहायचं, फी, पुस्तकं, जेवण, पदवी होईपर्यंत सगळं. बाईंनी बापाच्या संमतीचा अंगठा पत्राने मागवून घेतला होता. अर्ज महिनाअखेरीच्या आत पोचायला हवा होता. त्या दिवशी तारीख होती वीस.

बावीस तारखेला छोटी तोच अर्ज घेऊन जिन्याखाली आली. डोळे सुजलेले. "बाईंनी परत दिला. म्हणाल्या, असा पाठवला तर पहिल्या फटक्यात बाद होईल."

मी चष्मा लावला. अक्षर मोत्यासारखं होतं. म्हणजे मोती नव्हते, पण छान होतं. सातवा प्रश्न होता, 'सध्या कोणते काम करता? रोज किती तास?' त्यापुढे तिने लिहिलं होतं, 'काम करत नाही. फक्त घरातलं.'

"असं का लिहिलंस गं?" मी विचारलं.

"मग काय लिहू, आजोबा? काम म्हणजे पगार असतो, सुट्टी असते. मला कुठे पगार आहे? खोटं कसं लिहू? मी तर घरच्यासारखी..."

कडकबाईने इस्त्री उभी करून ठेवली. एरवी ती बोलायची ते इस्त्री फिरवता फिरवता. थांबलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

"मीपण घरच्यासारखीच होते," ती म्हणाली. "आठ वर्षांची असताना गेले. त्या घरात इस्त्री शिकले. मालकीण इस्त्री तापली की नाही ते पाण्याचा थेंब टाकून नाही बघायची." तिने बाही वर केली. "हे बघ. घरच्यासारखं."

मला माझा विनोद आठवला. खाली बघायला माझ्याकडे फक्त स्टूल होतं.

"चल," कडकबाई छोटीला म्हणाली. "पाचला कोण उठतं घरात?"

"मी."

"मग काय करतेस?"

"पाणी भरते. केर, फरशी. मग सगळ्यांचा चहा, डबे. भांडी. कपडे. मग बाईंचे पाय चेपते, त्यांना संधिवात आहे..."

"काका, लिहा."

मी लिहीत गेलो. सकाळी पाच ते साडेअकरा. मग शाळा. संध्याकाळी सहापासून अकरापर्यंत. छोटीने स्वतःच बेरीज केली. साडेअकरा तास. ती आकड्याकडे बघत राहिली. पुन्हा बेरीज केली.

"चुकलंय काहीतरी," ती म्हणाली.

"बेरीज बरोबर आहे," मी म्हणालो.

आता राहिले साक्षीदार. अर्जाखाली लिहिलं होतं, मुलीला तीन वर्षं ओळखणाऱ्या दोन जणांनी स्वतःच्या माहितीवरून सही करावी. कडकबाईने शाई मागवली आणि अंगठा असा दाबला की कागदाच्या मागून उमटला. मग दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

खरं सांगायचं तर मला त्याच क्षणी तिसऱ्या मजल्यावर दूध उतू जातंय असं वाटायला लागलं. वकीलसाहेबांनी माझं मृत्युपत्र फुकटात करून दिलं होतं. रोज जिन्यात भेटणारा माणूस. शेजारधर्म म्हणून काही असतं. मी म्हणालो, "बघतो. एक दोन दिवसांत सांगतो."

"बघा की," कडकबाई म्हणाली. "चोवीस घरच्या बातम्या चवीने चघळता. एक बातमी स्वतःच्या सहीने द्यायची वेळ आली तर दातच नाहीत."

छोटीने अर्जाची घडी घातली आणि टेबलाच्या कोपऱ्यात ठेवली. ते जास्त वाईट होतं.

पाच दिवस मी खाली उतरलो नाही. चारही शर्ट मळले. सत्तावीस तारखेला मळका शर्ट घालायची लाज वाटून उतरलो, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. कडकबाईने 'या' म्हटलं नाही. गठ्ठ्यातून एक निळा शर्ट काढला, कॉलर उलटी केली. हिरवा दोरा, चार गाठी. मग उजव्या हाताची बाही माझ्यासमोर पसरली.

"तुम्ही शिकलेले ना? वाचा."

कफच्या वर, कापडाचे धागे ओढले गेले होते. वर एक अर्धगोल, खाली एक अर्धगोल. लहान जबड्याचे. एका ठिकाणी दात आरपार गेला होता, कारण पोरीचा एक सुळा पुढे आहे. हसली की दिसायचा.

"चावली म्हणून सुटली," कडकबाई म्हणाली. "या वेळी. तिथे गावी दाराला टेकवायला काय देऊ मी?"

मी सही केली. सही वाकडी आली. वय झालं, मी म्हणालो. तिने अर्ज उचलून घेतला, आणि त्या बाईने टोमणा गिळलेला मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. अर्ज विज्ञानाच्या बाईंनी स्वतः जाऊन संस्थेत दिला. पाच दिवस मी दवडले नसते तर चौकशी आधीच झाली असती. आता मामाच्या एक तारखेपर्यंत हातात चारच दिवस होते.

संस्थेतून चौकशीला एक बाई आल्या तो दिवस एकतीस तारखेचा. खांद्याला कापडी पिशवी, पायात झिजलेल्या चपला, कपाळावर आठी. आल्या त्या थेट दुसऱ्या मजल्यावर, आणि दोन्ही साक्षीदारांना वर बोलावलं. मी आणि कडकबाई दारात उभे राहिलो. इतकी वर्षं त्या घराचे कपडे केले तिने, उंबऱ्याच्या आत पाय मात्र पहिल्यांदा पडत होता.

आत देखावा बघण्यासारखा होता. छोटी सोफ्यावर बसली होती. अंगात आकाशी रंगाचा इस्त्रीचा ड्रेस, केस विंचरलेले, समोर तिच्यासाठी चहाचा कप. सोफ्याच्या अगदी कडेवर, जणू कोणी उठवणारच आहे. मामा स्वयंपाकघराच्या दाराशी टेकून उभा होता. त्याच्या सामानाची बॅग भरून कोपऱ्यात ठेवली होती. शेजारी एक लहान पिशवी.

"गैरसमज झालाय काहीतरी," वकीलसाहेब म्हणाले. आवाज अगदी कोर्टातला. "ही आमची नातेवाईक. मुलीसारखी वाढवली. शाळेत घातली. शिष्यवृत्ती गरजू मुलींना द्या ना. आमचं उत्पन्न बघता ती आमच्या घरची म्हणून बसतच नाही तुमच्या नियमात."

बघा कसं असतं. कामाच्या वेळी 'सारखी', आणि नियमाच्या वेळी घरची.

"तू बोल बाळ," चौकशीच्या बाई म्हणाल्या. "इथे काम करतेस?"

छोटीने मामाकडे पाहिलं. "नाही," ती म्हणाली. "मी काम करत नाही. फक्त..."

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. पेन बंद करायला लागल्या. सगळं तिथेच संपत होतं, आणि माझी जीभ, जी उभ्या आयुष्यात कधी गप्प बसली नाही, ती टाळूला चिकटली होती.

"कॉलर उलटा तिची," कडकबाई म्हणाली.

"काय?"

"ड्रेसची कॉलर. मागून. उलटा आणि गाठी मोजा."

वकिलीणबाई म्हणाल्या, "ही इस्त्रीवाली! हिचं काय काम इथे?" पण चौकशीच्या बाई उठल्या होत्या. छोटीच्या मानेमागे त्यांनी कॉलर उलटी केली. "हिरवा दोरा आहे," त्या म्हणाल्या. "तीन गाठी."

"हिरवा म्हणजे हे घर. एक गाठ साहेब, दोन बाई, तीन त्यांची लेक. ड्रेस लेकीचा आहे. सोमवारीच केला मी."

"बहिणी बहिणी घालतात एकमेकींचे कपडे!" वकिलीणबाई म्हणाल्या.

"घालू देत ना. मग हिच्या गाठी किती, ते सांगा." कडकबाईचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "सात वर्षांत हिचा एक कपडा आला नाही माझ्या टेबलावर. ना फ्रॉक, ना शाळेचा ड्रेस. चौथी गाठ हिची होती. ती कोणाला मारली मी? ह्यांना." तिने मामाकडे बोट केलं. "पाहुणा. दोन महिन्यांत."

चौकशीच्या बाई छोटीसमोर खाली बसल्या, जमिनीवर. "तुझे कपडे कुठे असतात?"

यावर मात्र छोटी उठली. कोणीतरी काही आणायला सांगितलं की उठायची तशीच, सवयीने. मामाच्या बाजूने, भिंतीला घासून स्वयंपाकघरात गेली, ओट्याखालचं, गॅसच्या टाकीशेजारचं कपाट उघडलं. मोकळं. मग तिला आठवलं. बाहेर येऊन तिने कोपऱ्यातली ती लहान पिशवी उघडली. शाळेचा ड्रेस, दोन जुने कपडे, एक मूठ तुटलेली इस्त्री.

"शाळेच्या ड्रेसला तर एक सुरकुती नाही," चौकशीच्या बाई म्हणाल्या. " इस्त्री कोण करतं?"

"मी अंथरुणाखाली ठेवते. झोपलं की होतो."

"आणि ही इस्त्री? हिला तर मूठही नाही."

छोटीने ती उचलून परत पिशवीत ठेवली. मग म्हणाली, "उंदरांसाठी."

चौकशीच्या बाईंनी मामाकडे पाहिलं. मामा बाल्कनीत निघून गेला. बाईंनी पेन उघडलं, आधीचं लिहिलेलं खोडलं आणि वकीलसाहेबांना म्हणाल्या, "कायदा मी तुम्हाला काय सांगणार, साहेब. वडिलांची संमती माझ्याकडे आहे. ही आज माझ्यासोबत येतेय. तुमची हरकत असेल तर लेखी द्या, आपण दोघं मिळून पोलिसांत जाऊ." वकीलसाहेबांना लिहायला कागद मिळाला नाही. एवढं मोठं घर, आणि त्या दिवशी एक कागद नव्हता.

छोटीने जाण्याआधी आकाशी ड्रेस उतरवला, घडी करून सोफ्यावर ठेवला. चहाचा कप उचलला, विसळला, जागेवर ठेवला. मग गेली.

इथे थांबलो तर गोष्ट छान होईल. पण मी चहाड्या करणारा माणूस आहे, अर्धवट सांगून माझं पोट भरत नाही.

मामाला काही झालं नाही. निळ्या शर्टाबद्दल छोटी कोणाकडेच एक अक्षर बोलली नाही, आणि शर्ट धुऊन, रफू होऊन पुन्हा अंगावर आला. तो अजून येतो सुट्टीला.

महिन्याभरात इमारतीची सभा भरली. जिन्याखाली कोळसा पेटवणं धोक्याचं आहे, असं वकीलसाहेबांनी मांडलं. वीस वर्षं जो कोळसा बिनधोक होता तो एका संध्याकाळी धोकादायक झाला. हात वर करून मतं घेतली. मी विरोधात होतो. फक्त त्या दिवशी माझा खांदा फार दुखत होता, हात वर गेला नाही. कडकबाईने टेबल हातगाडीवर चढवलं, मला म्हणाली, "स्टूल तुम्हाला ठेवा. बसायची सवय आहे तुम्हाला." आणि गेली.

आता ती बस थांब्यामागे एका ताडपत्रीखाली उभी असते. गिऱ्हाईक तुरळक. येणारे-जाणारे, एका दिवसाचे. त्यांना कसले रंग आणि कसल्या गाठी. मी आठवड्यातून एकदा जातो, चारही शर्ट घेऊन. उभ्यानेच बोलतो.

दीड वर्षाने छोटी तिला भेटायला आली, तेव्हा मी नेमका तिथे होतो. अंगाने भरली होती. कॉलेजच्या ओळखपत्राची फीत गळ्यात. वसतिगृहात चार मुलींची खोली, दाराला आतून कडी. "तरी दप्तर टेकवते मी दाराला," ती म्हणाली. "मुली हसतात. आणि पाचला जाग येते. परवा झोपेतच उठून सगळ्यांच्या चादरी धुऊन टाकल्या. मॅडम ओरडल्या."

"गाढव," कडकबाई म्हणाली. "आण इकडे काय आणलंयस ते."

छोटीने पिशवीतून एक कुर्ता काढला. नवा. पहिल्यांदा स्वतः निवडून घेतलेला. कडकबाईने दोन्ही बाजूंनी बघितला, कापड चोळून बघितलं, नाक मुरडलं, म्हणजे आवडला. सुईचा डबा काढला.

"रंग कुठला घालू?"

"कुठलाही. हिरवा नको."

तिने पिवळा ओवला. "आणि गाठी?"

छोटीने गळ्याच्या आतल्या बाजूला बोट टेकवलं. "एक," ती म्हणाली.

याच मंगळवारी मी जिना उतरत होतो, तर दुसऱ्या मजल्यावर एक पोरगी पायपुसणं झटकत होती. आठ-नऊ वर्षांची. केस बारीक कापलेले. मला बघून भिंतीला चिकटली. मी नाव विचारलं.

"छोटी," ती म्हणाली.

आतून वकिलीणबाईंचा आवाज आला, "कोण आहे गं?" मग त्या दारात आल्या, मला बघून हसल्या. "लांबच्या नात्यातली आहे. शिकवणार आहोत."

त्यांचे कपडे आता मोठ्या लाँड्रीत जातात. तिथे कागदाचे नंबर टाचतात.

मी शर्ट न घेताच बस थांब्यापर्यंत चालत गेलो. कडकबाईला सांगितलं. बातमी सांगताना मला नेहमी जी मजा येते ती आली नाही. ती इस्त्री फिरवत राहिली. एक पूर्ण बाही झाली, दुसरी झाली. मग तिने विचारलं, "कितवीत आहे?"

"तिसरीत घालणार म्हणतात."

ती ओठांतल्या ओठांत मोजत होती. "म्हणजे दहावीला आठ वर्षं. मी सत्तरीच्या पुढे जाईन." तिने उजवा पंजा उघडून मिटून बघितला. हल्ली तिची बोटं सकाळी वळत नाहीत. "आणि तुम्ही?"

"मी कुठला असणार," मी म्हणालो.

"मग कोणाकडे न्यायची तिला, एक शर्ट बाकी ठेवायला?"

तिने इस्त्री उभी केली, टेबलाखाली वाकली आणि बराच वेळ काहीतरी शोधत राहिली. दोऱ्याचे, सुयांचे डबे बाजूला झाले. उठली तेव्हा हातात एक जड वस्तू होती, जुन्या वजनकाट्याचं दोन शेरी वजन.

"स्वयंपाकघरातच झोपवत असतील," ती म्हणाली. "हे तिला द्या. आज द्या. आणि काका, पाच दिवस लावू नका."

वजन माझ्या पिशवीत आहे. पिशवी दाराला अडकवलेली आहे. आज शुक्रवार.